एका दिवसासाठीची बिअर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी टाकी धूत होतो. हात पुसले आणि तिथेच बादली उलटी करून, तिच्यावर बसून वाचलं. बॅचचा स्नेहमेळावा ठरला हे वाचून इतका आनंद झाला की उरलेली टाकी धुवायला तासभर जास्त लागला. पंचवीस वर्षांनी सगळे एकत्र येणार आणि बिअर आपल्या ब्रूअरीतून जाणार, यापेक्षा मला आणखी काय हवं?

पण शेवटी तू जे लिहिलंयस ते डोक्यातून जाईना. 'खास काही करत बसू नकोस, तुमची नेहमीचीच बिअर भर आणि वर बॅचचं नाव छापलेलं लेबल चिकटव, झालं.' मला त्रास नको म्हणून तू हे लिहिलंस, ते समजलं. तरी याचं उत्तर एका ओळीत देता येणार नाही. गेली काही वर्षं मी ज्यात जीव ओततोय, त्याच्या मुळाशीच तुझी ही ओळ जाते. सवड काढून वाच.

लेबल बदलून देता येतं. पुष्कळ जण देतात, त्यात काही गैर नाही. मीही सुरुवातीला दिलंय. मग एका धावण्याच्या शर्यतीचे संयोजक आले. शर्यत संपल्यावर सगळ्यांना एकेक ग्लास द्यायचा होता. मी आमची नेहमीची बिअर चाखायला दिली, त्यांना ती आवडली, आणि बोलणं जवळजवळ पक्कं झालं. जाता जाता त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "सकाळी दहाला संपते शर्यत. तोवर कुणाच्या पोटात काही नसतं." त्या रात्री मला झोप लागली नाही. आमची नेहमीची बिअर सहा टक्क्यांची, जरा जड, संध्याकाळी निवांत बसून प्यायची. घामाने निथळणाऱ्या, रिकाम्या पोटाच्या माणसाच्या हातात ती देणं म्हणजे त्याला ऊन लागायला मदत करणं. बिअर चांगली होती, वेळ तिची नव्हती.

म्हणून त्यांच्यासाठी वेगळी केली. कमी अल्कोहोलची बिअर करणं सोपं वाटतं, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातूचं धान्य, कमी घातला की झालं. पण तसं केलं की ती पाणचट होते, धुतलेल्या ग्लासासारखी लागते. खरी गोम मॅशमध्ये, म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवतो त्या तासाभरात असते. माल्टमधल्या पिष्टाची साखर करणारी दोन विकरं तिथे काम करतात. पाणी ६५ अंशांच्या आसपास ठेवलं तर यीस्टला सहज पचेल अशी साखर जास्त होते. ६९ वर नेलं तर त्यातलं एक विकर लवकर थकतं, आणि यीस्टला न पचणारी साखर मागे उरते. त्या उरलेल्या साखरेनेच बिअरला अंग येतं. आम्ही ६९ वर ठेवलं, सोबत थोडे ओट्स घातले. पाण्याच्या तुलनेत घनता आंबण्याआधी १.०३४ आणि शेवटी १.०१०, म्हणजे अल्कोहोल साधारण ३.१ टक्के. पिताना ते हलकेपण जाणवतही नव्हतं.

शिवाय बिअरला कडवटपणा आणि वास देणारी जी वेलाची फुलं, म्हणजे हॉप्स, त्यात घातली होती, त्याच हॉप्सचं नुसतं पाणी केलं. थंड पाण्यात हॉप्स मुरवायचे, किंचित आंबट करायचं, गाळायचं आणि त्यात वायू भरायचा. ज्यांना गाडी चालवायची होती, जे पीतच नाहीत, त्यांच्याही हातात तोच वास असलेला फसफसता ग्लास होता. हे मी आता प्रत्येक कार्यक्रमाला करतो. एकाच्या हातात सणाचं काही आणि दुसऱ्याच्या हातात नळाचं पाणी, हे मला बघवत नाही.

ही काही आमची नवी टूम नाही बरं का. एखाद्या दिवसासाठी बिअर गाळणं हे बिअर विकण्यापेक्षा जुनं असावं असं मला नेहमी वाटतं. इंग्रजीत लग्नाशी संबंधित 'ब्रायडल' हा शब्द आहे ना, तो मुळात 'ब्राइड' (नवरी) आणि 'एल' (बिअरचाच एक प्रकार) यांचा जोडशब्द, म्हणजे नवरीच्या लग्नातली बिअर, आणि त्यावरून ती मेजवानीच. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये देवळाचं छप्पर गळायला लागलं की गावकरी मिळून बिअर गाळायचे, ती विकून दुरुस्तीचा खर्च निघायचा. त्याला 'चर्च एल'च म्हणायचे.

मला सर्वात जवळची वाटते ती झॉयग्लची पद्धत. जर्मनीत बव्हेरिया राज्याच्या ईशान्य भागात ओबरफाल्झ नावाचा प्रदेश आहे. तिथल्या एस्लार्न, फाल्केनबर्ग, मिटरटाइख, नॉयहाउस आणि विंडिशएशेनबाख या पाच गावांत अजून सामायिक ब्रूहाऊस, म्हणजे सगळ्यांची मिळून बिअर गाळायची जागा, आहेत. गाळण्याचा हक्क घरांना मिळालेला, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. पाळी येईल तो सामायिक जागी वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उकळतो, मग ते आपल्या घरी नेऊन तळघरात आंबवतो. बिअर तयार झाली की दाराबाहेर सहा टोकांची चांदणी टांगायची. चांदणी दिसली की लोक येतात, त्याच घरात बसतात. भांडी एकच, पाककृतीही जवळपास सारखी, तरी प्रत्येक घराची बिअर निराळी लागते. पहिल्यांदा याबद्दल कळलं तेव्हा मी आमच्या दाराकडे बघत बसलो होतो. आमच्या दाराबाहेर काय टांगलंय? फक्त आमचं नाव.

तेव्हापासून मी संयोजकांना आधी विचारतो, तुमच्याकडून यात काय येणार? माणसं लगेच पैशांचं बोलतात. मी म्हणतो, पैसे नकोत, हात द्या.

त्यातलं एक सांगतो. एका वस्तीतल्या चार-पाच घरांनी हौस म्हणून कुंपणावर हॉपचे वेल चढवले होते. तिसऱ्या वर्षी ते फुलांनी लगडले, आणि त्यांनी विचारलं, याची बिअर होईल का? हॉपचं फूल तोडलं की लगेच खराब व्हायला लागतं, म्हणून शेतावर ते काही तासांतच भट्टीत वाळवतात. ओलंच वापरायचं असेल तर तोडल्या दिवशीच वापरायला हवं. म्हणून आम्ही पहाटे मॅश लावला आणि तिकडे वस्तीत तोडणी सुरू झाली. अंगणात चादरी अंथरल्या होत्या. आज्या, शाळकरी पोरं, कधी एकमेकांशी न बोललेले दोन शेजारी, सगळे वेलाच्या फांद्या मांडीवर घेऊन फुलं खुडत होते. एका मुलीने फूल मधोमध फाडून मला दाखवलं. हिरव्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी धूळ असते, हळदीपेक्षा जरा फिकी. ती बोटांवर चोळली की चिकटते, आणि संत्र्याची साल, राळ आणि नुकतं कापलेलं गवत असा एकत्र वास येतो. सगळा कडवटपणा आणि सगळा सुगंध त्या धुळीतच. ती मुलगी दिवसभर हात धुवायला तयार नव्हती.

ओल्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे वाळलेल्या हॉप्सच्या पाचपट वजन घालावं लागतं. दुपारी पोती आली तेव्हा केटल, म्हणजे वर्ट उकळायचं मोठं भांडं, उकळत होती. घरच्या वेलाचा कडवटपणा किती ते मोजलेलं नसतं, म्हणून कडवटपणासाठी सुरुवातीला मापाचे, वाळलेले हॉप्स टाकले होते. लोकांची फुलं अगदी शेवटी, आच बंद करताना गेली, म्हणजे त्यांचा वास उडून जाऊ नये. पोती रिकामी करायला तेच उभे होते. महिन्याभराने त्याच अंगणात ती बिअर प्यायली गेली. ती थोडी गवताळ लागत होती, हे मी लपवत नाही. ओल्या हॉप्सची तशी लागतेच. पण ग्लास नाकाशी नेऊन प्रत्येक जण आपल्या कुंपणाचा वास शोधत होता. सांग, यावर मी कुठलं लेबल चिकटवणार होतो?

आता जे चुकलं तेही सांगायला हवं.

एका गायनमंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी आम्ही फिकी, स्वच्छ चवीची एल ठरवली होती. गाणाऱ्यांना घशाला जड काही नको होतं. बिअर गाळण्याचा दिवस आमच्यामुळेच पाच दिवसांनी लांबला, आणि ते पाच दिवस मी पुढून कापायला गेलो. घनता खाली आलेली दिसली आणि टाकी थंड करून टाकली. यीस्ट आंबवताना डायअॅसिटिल नावाचं एक द्रव्य मागे सोडतं, त्याला वितळलेल्या लोण्यासारखा वास असतो. यीस्टला उबेत आणखी दोन-तीन दिवस दिले तर ते स्वतःच ते परत गिळतं. मी ते दिवस दिले नाहीत. केग, म्हणजे बिअरची पिंपं, भरताना वास आला नाही, कारण तेव्हा त्यातलं बरंचसं अजून तयारच व्हायचं होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पहिला ग्लास ओतला आणि लोणी! सहाशे लिटर. दुरुस्त करायला वेळ नव्हता. मंडळाच्या बाईंना फोन केला आणि खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी नेहमीची बिअर विनामूल्य दिली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी गाण्यांच्या छापील पत्रिकेत त्या बिअरचं नाव घातलं होतं. ती पत्रिका मी अजून ठेवलीय, गाळणीच्या नोंदी लिहितो त्या फळ्याशेजारी टाचलेली.

आता थंड करण्याआधी दोन ग्लासांत नमुना घेतो. एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग निववायचा आणि दोन्हींचा वास घ्यायचा. गरम केलेल्यात लोणी आलं तर थांबायचं, मग तारीख कुणाचीही असो. नेहमीची बिअर दोन दिवस उशिरा आली तर कुणाला कळतही नाही. कार्यक्रमाची तारीख मात्र पुढे सरकत नाही, म्हणून हे काम मला जास्त घाबरवतं आणि जास्त हवंहवंसंही वाटतं.

कधीकधी निमित्त आनंदाचं नसतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात वणव्याने पॅराडाइज नावाचं गाव जवळजवळ सगळं जाळलं. शेजारच्या चिको शहरातल्या सिएरा नेवाडा ब्रूअरीने 'रेझिलियन्स' नावाची बिअर केली, पाककृती सगळ्यांना खुली केली, आणि विक्रीची सगळी रक्कम मदतीला देण्याचं आवाहन केलं. चौदाशेहून अधिक ब्रूअऱ्यांनी तीच बिअर गाळली. कित्येक माल्टवाल्यांनी आणि हॉप्सवाल्यांनी माल फुकट दिला. मी ही गोष्ट नव्या पोरांना कामावर घेताना सांगतो.

तर आता आपल्या मेळाव्याचं. तुझ्या पत्राप्रमाणे आपल्या हातात सहा आठवडे आहेत. लागर करायची असती तर उशीर झाला असता, तिला थंडीत मुरायलाच महिनाभर लागतो. एल आरामात होईल. गाळायला एक दिवस, आंबायला आठवडा, उबेत तीन दिवस, थंडीत निवळायला आठवडा, मग केग आणि वायू. चार आठवडे धर. उरलेले दोन चुकीसाठी राखून ठेवायचे.

मला तुझ्याकडून एवढं कळव. मेळावा दुपारचा की रात्रीचा? दुपारी असेल तर साडेतीन टक्क्यांच्या वर जाणार नाही. बोलायचं पंचवीस वर्षांचं आहे, तिसऱ्या ग्लासालाही सगळ्यांची नावं आठवायला हवीत. न पिणारे किती, ते नीट मोज, अंदाजाने लिहू नकोस. कडू कुणाला चालत नाही तेही विचार. आणि जवळ राहणाऱ्यांपैकी जे कुणी गाळणीच्या दिवशी येऊ शकतील, त्यांना सकाळी सहाला बोलाव. पाणी तापलेलं असेल. माल्ट ओतायला, ढवळायला आणि शेवटी चोथा उपसायला माणसं लागतातच. चोथा गरम असतो, जुने कपडे घालून या म्हणावं.

जे आता आपल्यात नाहीत त्या दोघांची नावं मला फळ्यावर लिहायचीत, मेळाव्याच्या बिअरच्या नोंदीवर. तुझी हरकत नसेल तर. लेबलवर नको, फळ्यावरच.

पुढच्या रविवारच्या आत उत्तर दे. सोमवारी मी यीस्ट वाढवायला घेतो, आणि ते किती वाढवायचं हे तुझ्या आकड्यावर ठरणार आहे.

घरी सगळ्यांना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
टाकीशेजारचा मित्र