चांगल्या व्हिडिओ फाईल ‘खराब’ ठरवणाऱ्या मीडिया प्लेअरबद्दल तक्रार

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
मीडिया प्लेअर विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : चुकीच्या सूचनेमुळे झालेले नुकसान, दुरुस्ती व परताव्याची मागणी.

महोदय / महोदया,

मी आपल्या मीडिया प्लेअरचा पैसे भरून परवाना घेतलेला ग्राहक आहे. वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहतो आणि जत्रांमधल्या दशावतारी नाटकांचे चित्रीकरण करून ते जपून ठेवतो. आपले अलीकडचे अपडेट आल्यापासून माझ्या बऱ्याच फाईल उघडताना पडदा काळा होतो आणि सूचना येते : ‘फाईल खराब झाली आहे. ती चालवता येत नाही.’ त्याखाली मोठे बटण असते, ‘फाईल दुरुस्त करा’. ते दाबले की आपलेच दुसरे, वेगळे पैसे मोजून घ्यायचे सॉफ्टवेअर समोर येते.

या फाईल खराब नाहीत. आपली सूचना खोटी आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवल्यामुळे आमच्या गावातले एक चित्रीकरण कायमचे गेले आहे. माझी मुख्य तक्रार हीच आहे. बाकीच्या अडचणी पुढे लिहिल्या आहेत, पण त्या दुय्यम समजाव्यात.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते लावायचे ते ठरते, कोण राजपार्टी (राजाची भूमिका), कोण स्त्रीपार्टी (स्त्रीची भूमिका) हे ठरते, आणि संवाद नट रंगमंचावर उभा राहून जागच्या जागी बोलतो. आज वेतोबाच्या जत्रेत झालेले आख्यान उद्या दुसऱ्या गावात त्याच मंडळींनी केले तरी शब्द वेगळे, पदे वेगळी, समोरच्याला दिलेले उत्तर वेगळे. त्यामुळे एखाद्या रात्री एखादा नट काय बोलला याचा पुरावा चित्रीकरणाखेरीज कुठेच नसतो. नव्याने उभी राहणारी मुले या फिती बघून शिकतात. पदर कसा सावरायचा, पखवाजवाल्याला मान हलवून कसे सांगायचे, हे सांगून कळत नाही. ते पाहावे लागते, थांबवून पुन्हा पाहावे लागते. मी त्यासाठीच चांगला प्लेअर विकत घेतला.

आमच्या गावातले एक जुने स्त्रीपार्टी नट वारले. त्यांच्या अखेरच्या जत्रेतल्या नाटकाचा उत्तरार्ध त्यांच्या पुतण्याने नव्या फोनवर घेतला होता. त्यातले काही तुकडे त्याने मला दिले. पहाटेचा, नाटकाच्या शेवटच्या दहीकाल्यापर्यंतचा तुकडा मात्र घरच्या पेन ड्राइव्हवरच राहिला, कारण फोन भरला म्हणून त्याने तो फोनवरून काढला होता. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून घरच्यांनी तो पाहिलाही होता. वर्षश्राद्धाला लावायच्या फोटोसाठी त्यातले एक चित्र घ्यावे म्हणून नातवाने तो घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आपल्या प्लेअरमध्ये उघडला. फाईल खराब झाल्याची सूचना आली. त्याने पुन्हा उघडून पाहिला, पुन्हा तेच. पुढे तो पेन ड्राइव्ह रिकामा करून त्यावर घरातल्या लग्नाचे फोटो भरले गेले. मला कळले तेव्हा मी परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर चालवून पाहिले. पण पुसलेल्या जागेवर नवे काही लिहिले गेले की आधीचे हाती लागत नाही. पेन ड्राइव्ह फोटोंनी काठोकाठ भरला होता.

त्यांचा मुलगा मला म्हणाला, “कॉम्प्युटरच सांगता फाईल खराब झाली, मगे ती ठेवन काय करूचा व्हता?”

त्याचे काय चुकले? आमच्याकडे वस्तू खराब होणे ही रोजची गोष्ट आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. जुन्या व्हिडिओ कॅसेटना बुरशी लागली, सीड्या पांढऱ्या पडल्या, पेन ड्राइव्हच्या तोंडाला गंज धरला, हे घरोघर झालेले आहे. अशा ठिकाणी कॉम्प्युटरने ‘खराब’ म्हटले की माणूस त्यावर शंका घेत नाही, हळहळतो आणि सोडून देतो. म्हणून त्या एका शब्दाची जबाबदारी आपल्यावर येते.

आता फाईल खराब नाहीत हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. पुतण्याने त्याच फोनवर, त्याच रात्री घेतलेले जे तुकडे माझ्याकडे आहेत, त्यांच्या मूळ फाईलचा आणि हार्ड डिस्कवरच्या प्रतीचा हॅश, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, मी विंडोजमध्येच काढून ताडून पाहिला. तो तंतोतंत जुळतो. म्हणजे प्रत करताना एक अक्षरही बदललेले नाही. तरीही आपला प्लेअर या तुकड्यांनाही खराब म्हणतो. फाईलचा तांत्रिक तपशील दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पाहिले तर व्हिडिओ एच.२६५ (एचईव्हीसी) या साठवण पद्धतीचा आणि १० बिटचा, म्हणजे ८ बिटपेक्षा बारीक रंगछटांचा आहे. एमपीफोर हे नुसते वेष्टन असते. आतला व्हिडिओ २००३ सालच्या एच.२६४ पद्धतीचाही असू शकतो आणि २०१३ च्या एच.२६५ पद्धतीचाही. नवे फोन एच.२६५ वापरतात, कारण तेवढ्याच प्रतीचे चित्र साधारण निम्म्या जागेत मावते. पण ते उलगडायला कॉम्प्युटरला जास्त कष्ट पडतात.

माझा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा आहे. त्यातली ग्राफिक्स चिप ८ बिटचा एच.२६५ उलगडते. १० बिटची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली. तिथे चिपला जमत नसेल तर प्लेअरने ते काम मुख्य प्रोसेसरकडे द्यायचे असते. चित्र थोडे अडखळेल, पंखा जोरात फिरेल, पण नाटक दिसेल. आपल्या आधीच्या आवृत्तीत ‘हार्डवेअर डिकोडिंग’, म्हणजे चिपकडून व्हिडिओ उलगडणे, बंद करायची खूण होती आणि ती काढली की याच फाईल चालत. नव्या अपडेटमध्ये ती खूणच काढून टाकली आहे. आता आपला प्लेअर सगळे ग्राफिक्स चिपच्या गळ्यात घालतो, आणि तिने नकार दिला की दोष फाईलला देतो. हीच फाईल मी एका मित्राच्या नव्या कॉम्प्युटरवर, आपल्याच प्लेअरच्या याच आवृत्तीत लावली. विनातक्रार चालली. माझ्या लॅपटॉपवर ती व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्येही चालते, कारण व्हीएलसी व्हिडिओ उलगडणारे स्वतःचे डिकोडर बरोबर आणतो आणि त्यात हार्डवेअर डिकोडिंग बंद करता येते. मग खराब काय आहे?

किल्ली लागत नाही म्हणून पेटीतला ऐवज कुजला असे सांगावे, तसे हे झाले.

फाईल खरोखर खराब होतेच नाही असे माझे म्हणणे नाही. चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी गेली तर एमपीफोरची अनुक्रमणिका लिहायची राहून जाते, आणि मग आत सगळा मजकूर असूनही कुठलाच साधा प्लेअर ती फाईल लावू शकत नाही. पण तो प्रकार वेगळा आणि डिकोडरने हात टेकण्याचा प्रकार वेगळा. अनुक्रमणिका सापडली नाही की डिकोडर मिळाला नाही, हे आपल्या सॉफ्टवेअरला आतून नक्की माहीत असते. ते ग्राहकाला सांगायला काय हरकत आहे? ‘हा व्हिडिओ एच.२६५ प्रकारचा, १० बिटचा आहे. या कॉम्प्युटरची ग्राफिक्स चिप तो दाखवू शकत नाही. आपली फाईल सुरक्षित आहे.’ एवढी तीन वाक्ये असती तर तो पहाटेचा तुकडा आज असता.

त्या ‘दुरुस्त करा’ बटणाबद्दलही लिहिणे भाग आहे. ते सॉफ्टवेअर काय करते हे पाहण्यासाठी मी एका प्रतीवर ते चालवले. त्याने काहीही दुरुस्त केले नाही, कारण दुरुस्त करण्याजोगे काही नव्हतेच. १० बिटचा एच.२६५ व्हिडिओ त्याने ८ बिटच्या एच.२६४ मध्ये नव्याने बनवून दिला. काळ्या वेशातला संकासुर मागच्या अंधारात जिथे मिसळतो तिथे मूळ चित्रात काळ्याच्या छटा हळूहळू उतरतात. ‘दुरुस्त’ प्रतीत तिथे डोंगराच्या नकाशासारखे पट्टे पडले आहेत. शिवाय त्या खिडकीत ‘मूळ फाईल बदला’ ही खूण आधीच केलेली येते. ती न पाहता कुणी पुढे गेला तर चांगली मूळ फाईल जाते आणि हाती कमी प्रतीची नक्कल उरते, तीही पैसे देऊन. न बिघडलेली वस्तू बिघडली आहे असे सांगून तिच्या दुरुस्तीचे पैसे घेणे याला व्यवहारात काय म्हणतात ते आपणही जाणता.

दुसरी अडचण आवाजाची. फोनवर घेतलेल्या लांब तुकड्यांत आपल्या प्लेअरमध्ये आवाज आणि चित्र हळूहळू फाकत जातात. सुरुवातीला काही जाणवत नाही. तासाभराने पखवाजावर थाप ऐकू येते आणि नटाचे पाऊल नंतर पडते. कमी उजेडात फोन दर सेकंदाच्या चित्रांची संख्या आपोआप कमी-जास्त करतो, आणि रात्रीच्या जत्रेत उजेड सतत बदलत असतो. प्रत्येक चित्र कोणत्या क्षणी दाखवायचे याची वेळ फाईलमध्ये नोंदलेली असते. प्लेअरने ती पाळायची असते. आपला प्लेअर ठरावीक गती धरून चालतो असे दिसते, कारण हेच तुकडे इतरत्र शेवटपर्यंत तालात राहतात. ज्यांना यातून पावलांचा ताल शिकायचा आहे त्यांना असा व्हिडिओ दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा.

मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या जुन्या टेपवरून उतरवलेल्या फितींत गिरकी घेताना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांची ती पद्धत आहे, आणि ती अर्धी चित्रे नीट जुळवून रेघा घालवणारी डीइंटरलेस ही सोय आपल्या मेनूतून नाहीशी झाली आहे. ती परत द्यावी.

आणि परवाना तपासायला इंटरनेट का लागावे? पावसाळ्यात झाड पडून तारा तुटल्या की आमच्याकडे कधी कधी दिवसेंदिवस नेट नसते. स्वतःच्या लॅपटॉपवरची स्वतःची फाईल बघायला त्या काळात आपला प्लेअर उघडतच नाही.

आपल्या ग्राहक सेवेला मी हे सर्व कळवले होते. प्रत्येक वेळी वेगळ्या व्यक्तीने तेच उत्तर दिले : कॉम्प्युटर बंद करून चालू करा, प्लेअर काढून पुन्हा टाका, तरीही चालली नाही तर फाईल खराब आहे, दुरुस्तीचे सॉफ्टवेअर घ्या. हॅश जुळतो, मित्राकडे आपल्याच प्लेअरमध्ये चालते, हे मी लिहून पाठवले. त्याला कुणी उत्तर दिले नाही. लॅपटॉप कोणत्या पिढीचा आहे, व्हिडिओ कोणत्या प्रकारचा आहे, हे दोन प्रश्नही कुणी विचारले नाहीत. बिघाड शोधण्याची सुरुवात तिथूनच होते.

माझी मागणी अशी की ‘फाईल खराब’ ही सूचना फक्त खरोखर तुटलेल्या फाईललाच यावी, एरवी खरे कारण लिहून यावे आणि फाईल सुरक्षित असल्याचे त्यात स्पष्ट म्हटलेले असावे. ती सूचना मराठीतही असावी, कारण घरातला कॉम्प्युटर आजी-आजोबाही वापरतात. हार्डवेअर डिकोडिंग बंद करण्याची खूण परत यावी. चिपला जमले नाही तर काम आपोआप प्रोसेसरकडे जावे. ‘दुरुस्त करा’ हे बटण अशा सूचनेखालून आजच्या आज काढावे, आणि ‘मूळ फाईल बदला’ ही खूण आधीच केलेली नसावी. ज्या ग्राहकांना आपण आजवर ही सूचना दाखवली त्या सर्वांना ईमेल करून कळवावे की त्यांच्या फाईल चांगल्या असू शकतात, त्या पुसू नयेत. या शेवटच्या मागणीला माझ्या लेखी सर्वांत जास्त महत्त्व आहे. आमच्या गावातला तुकडा आता परत येणार नाही, पण दुसऱ्या कुणाच्या घरी अजून पेन ड्राइव्ह रिकामा व्हायचा असेल.

माझ्या परवान्याची चालू वर्षाची रक्कम आणि दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरचे पैसे परत करावेत. नटाच्या घरच्यांना कंपनीने लेखी खुलासा पाठवावा की त्यांची फाईल खराब झाली होती असे सांगायला आपल्या प्लेअरकडे आधार नव्हता. नातू अजून स्वतःला दोष देतो आहे. त्याला ते पत्र वाचायला मिळाले पाहिजे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, तेव्हा आपले कार्यालय दूरच्या शहरात असल्याने काही अडणार नाही.

आपल्या तंत्रज्ञांना तपासायचे असेल तर यातला एक छोटा तुकडा घरच्यांची परवानगी घेऊन पाठवायला मी तयार आहे. तो पाहून झाल्यावर आपल्याकडून पुसून टाकावा, ही विनंती.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव, पत्ता व परवाना क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत : परवान्याची व दुरुस्ती सॉफ्टवेअरची पावती, सूचनेचे स्क्रीनशॉट, दोन्ही कॉम्प्युटरची माहिती, फाईलचा मीडियाइन्फो तपशील व हॅश, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार.