जोडलेली बुलेट सुरू होत नाही म्हणून इंजिन पुन्हा खोलू नका

महोदय,

नोंदणीची पंधरा वर्षे संपलेल्या जुन्या बुलेट नूतनीकरणासाठी आरटीओत न्यायच्या, म्हणून आधी खोलून नीट केल्या जातात. सिलिंडरचा बोअर होतो, रंग होतो, गाडी जोडली जाते आणि मग किकवर किक मारूनही ती सुरू होत नाही. अशा वेळी मालकाला बहुतेकदा ऐकावे लागते, ‘इंजिन पुन्हा खोलावे लागेल.’ पॉइंटवाल्या (म्हणजे ठिणगी पाडण्यासाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा यांत्रिक स्विच असलेल्या) जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० बाबत हा सल्ला बहुधा चुकीचा असतो. खोलण्याआधी गाडी चालू होती, तर दोष जिथे हात लागला तिथेच शोधायचा. सर्वांत जास्त हात लागतो तो पॉइंट, वायरिंग आणि टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेला. ही तिन्ही इंजिन न उघडता तपासता येतात.

सुरुवात हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरपासून करावी. बॅटरी चार्ज असावी. प्लग काढा, दिवे बंद ठेवा, चावी लावा आणि किक हाताने सावकाश दाबा. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे तीन-चार अँपिअर झुकला पाहिजे आणि उघडले की शून्यावर आला पाहिजे. काटा अजिबात हलत नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच आणि कॉइलपर्यंतची (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीपर्यंतची) वायर बघा. तिथे ठीक असेल तर पॉइंटची तोंडे बघा. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो थिनरमध्ये भिजवलेल्या जाड कागदाने पुसला नाही, तर पॉइंट मिटूनही करंट जात नाही.

काटा डिस्चार्जलाच अडकून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. इथे फायबरच्या छोट्या वॉशरचा घोळ असतो. पॉइंटची स्प्रिंग, कॉइलची वायर आणि कंडेन्सरची (पॉइंटमधली ठिणगी दाबणाऱ्या छोट्या डबीची) वायर या तिन्ही एकमेकींना टेकलेल्या हव्यात, पण पॉइंट ज्यावर बसतात त्या खालच्या प्लेटला यांपैकी एकही टेकता कामा नये. वॉशर वरचा खाली झाला, किंवा वायरचा टोकाचा डोळा जरा वळून प्लेटला लागला, की ठिणगी संपली. पॉइंट उघडे ठेवून कंडेन्सरची वायर सोडवा. काटा लगेच शून्यावर आला तर कंडेन्सर शॉर्ट आहे. काटा व्यवस्थित हलतो, पण प्लगवर ठिणगी पिवळी आणि मरतुकडी पडते, उलट पॉइंटमध्येच मोठी ठिणगी दिसते, तेव्हाही संशय कंडेन्सरवरच घ्यावा. फ्रेमला पावडर कोटिंग केले असेल तर बॅटरीच्या अर्थचा बोल्ट जिथे बसतो तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडावा. हे काम फार जण विसरतात.

ठिणगी चांगली असूनही गाडी सायलेन्सरमधून किंवा कार्ब्युरेटरमधून फटाके फोडते, तेव्हा टायमिंग चुकलेले असते. चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. बुलेटच्या पॉइंटची ठिणगी मात्र इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडते. एक्झॉस्टच्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर असतानाच्या जागेला) टायमिंग बांधले तर ठिणगी कितीही जोरदार असो, गाडी सुरू होणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे. उजव्या बाजूचे टॅपेट कव्हर काढा. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बोटांनी सहज फिरतात. त्याच सुमाराला पॉइंट उघडण्याच्या बेतात असावेत. तसे नसतील तर पॉइंटचा कॅम सोडवून अर्धा फेरा फिरवावा. टायमिंग गिअरना हात लावायची गरज नाही.

मग उघड्या पॉइंटमधला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. गॅप आधी, टायमिंग नंतर, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकते. पिस्टन टीडीसीच्या ०.८ मिमी अलीकडे असताना पॉइंटमध्ये धरलेला सिगारेटचा कागद हलक्या ओढीने निसटला पाहिजे. टायमिंग यापेक्षा बरेच पुढे गेले तर किक उलटी बसते आणि पायाला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून अंदाजपंचे पॉइंटची प्लेट फिरवून किक मारत बसू नये.

किक हलकी लागत असेल तर आधी डीकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) केबल बघा. ती ताणली गेली असेल तर तो व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. टॅपेटची सेटिंग थंड इंजिनावर अशी असावी, की पुशरॉड फिरतो पण वर-खाली खेळत नाही. हेड आवळल्यानंतर हे पुन्हा तपासावे.

पेट्रोलचे थोडक्यात: दहा-बारा किक मारून प्लग कोरडा निघाला तर टाकीचा कॉक आणि कार्ब्युरेटरमधला पायलट जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) साफ करा, ओला निघाला तर पेट्रोल बंद करून, डीकॉम्प्रेसर दाबून, थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन फिरवून घ्या आणि प्लग पुसून लावा. कार्ब्युरेटरच्या स्लाइडची (थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या दट्ट्याची) कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. काही महिने टाकीत पडून राहिलेले पेट्रोल सरळ काढून टाका.

एवढे सगळे बरोबर असून डीकॉम्प्रेसर बंद असतानाही किकला दाब लागत नसेल, तरच इंजिनाला पाना लावावा. तेव्हाही आधी टायमिंग कव्हर काढून गिअरच्या खुणा जुळतात का ते पाहावे, हेड त्यानंतर.

– एक दुचाकी दुरुस्ती व्यावसायिक, सांगली