धोटा आणि दोरी

चि. बाळास,
आईचा ख्रिस्तात सलाम.

मंगळवारी फोनवर तू म्हणालास, "आई, मला आता बायबलची वचनं पाठवू नकोस." मला राग आला होता. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून उठले, आणि घागरी भरता भरता वाटलं, लेकरू बरोबर बोललं. नोकरी गेल्याचं तू तीन महिने पोटात ठेवलंस. शेवटी सांगितलंस, तर मी जेवलास का हेही न विचारता यिर्मया 29:11 व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं. फुलांच्या चित्रासकट.

त्या दिवशी दुपारी मी तो अध्याय पहिल्यापासून वाचला. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे वचन आपण लग्नपत्रिकेवर छापतो. पण ते एका पत्रातलं आहे. बाबेलच्या राजानं, नबुखद्नेस्सरानं, धरून नेलेल्या माणसांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमेहून बाबेलला पाठवलेलं पत्र. अकराव्याच्या आधी दहावं वचन आहे, आणि त्यात सत्तर वर्षं लिहिली आहेत. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं, त्यांतली बहुतेक माणसं घरी परतणारच नव्हती. त्यांना देव सांगतो, तिथंच घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करा. त्याच्या मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. ऐकायला ते गोड होतं, पण खोटं होतं. बाळा, मी तुझ्याशी हनन्यासारखी वागले. मला माफ कर.

आता हे वचन पाठवत नाहीये, माझ्या मनातलं सांगतेय. मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेला ईयोब त्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात म्हणतो की माझे दिवस विणकऱ्याच्या धोट्याहून, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या त्या लाकडी नळीहून, वेगानं पळतात आणि आशेविना सरतात. लहानपणापासून हे ऐकलं, पण धोट्याचा वेग एवढंच डोक्यात राहिलं. पाळकसाहेबांनी मागं एकदा उपासनेत सांगितलं होतं की तिथं आशेसाठी मूळ हिब्रू शब्द 'तिकवा' आहे, आणि तिकवा म्हणजे दोरीसुद्धा. पंडिता रमाबाई बायबल मराठीत आणण्यासाठी उतारवयात हिब्रू का शिकल्या, ते मला त्या दिवशी समजलं.

मी बारा वर्षं कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यातल्या रिळांवर सूत गुंडाळलं. टॉवेलच्या मागावर धोटा इकडून तिकडे जातो तो पोटात कांडी घेऊन. कांडीवरचं सूत काही मिनिटांत संपतं. संपलं की धोट्याला वेग कितीही असू दे, कापड एक बोटही पुढं सरकत नाही. ईयोब तेच म्हणत होता. दिवस पळतायत, आत सूत नाही. तुझे हे तीन महिने तसेच गेले ना? रोज सकाळी उठायचं, अर्ज पाठवायचे, रात्र करायची.

तू आठवीत होतास तेव्हाचं तुला थोडंफार आठवत असेल. पप्पांचा कारखाना बंद झाला, माग भंगारात गेले. मी घरी टॉवेलच्या कडा शिवायला आणायचे. पप्पा रविवारी घरातून निघायचे, पण चर्चला न येता सिद्धेश्वर तळ्याच्या काठी जाऊन बसायचे. मंडळीतले लोक येऊन बोलून जायचे. विश्वास कमी पडतोय, कुठं पाप राहिलंय का बघा, असं. ते गेले की पप्पा भिंतीकडं तोंड करून झोपायचे. शेजारचे पद्मशाली काका मात्र रोज संध्याकाळी यायचे. तेलुगू मिसळलेलं त्यांचं मराठी, तेही मोजकंच. दोघं चहा प्यायचे, गप्प बसायचे. काका स्वतः मागावरचेच होते. जाताना पप्पांच्या खांद्यावर हात ठेवायचे, बस्स. ईयोबाचे मित्रही आधी सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून होते, कोणी एक शब्द बोललं नाही. ते सात दिवस त्यांचं अगदी बरोबर चाललं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं.

आणि शेवटी बघ, बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत, म्हणतो. ज्यानं जन्मदिवसाला शाप दिला, देवाला तोंडावर जाब विचारला, त्याचं बोलणं योग्य! त्याचे मित्र सगळा वेळ देवाबद्दल बोलत राहिले. ईयोब मात्र देवाशी बोलला, मग ते भांडण का असेना. तुला प्रार्थना सुचत नसेल तर भांड. चर्चला जायचं नसेल तर तुझ्या खोलीत बसून भांड.

तोच तिकवा शब्द यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. यरीहो नगरातल्या राहाबेनं इस्राएलाच्या दोन हेरांना लपवलं, आणि त्यांनी तिला वाचवायचा शब्द दिला. तिनं तटावरच्या आपल्या घराच्या खिडकीला खूण म्हणून किरमिजी दोरी बांधली, त्या दोरीला. हेर गेले, आणि हिनं लगेच दोरी बांधली. त्यानंतर यार्देन नदी ओलांडून इस्राएलाचं सैन्य यायचं होतं, सात दिवस तटाभोवती फिरायचं होतं. तेवढे दिवस तिच्याकडं दुसरं काय होतं? दोन परक्या माणसांचा शब्द आणि ती दोरी. ती रोज उठून त्या दोरीकडं बघत असेल, असं मला वाटतं. कधी तिला स्वतःचाच वेडेपणाही वाटला असेल. हीच राहाब पुढं मत्तयाच्या पहिल्या अध्यायात आपल्या प्रभूच्या वंशावळीत येते.

आणि मी तुला पाठवलेल्या त्या यिर्मयाच्या वचनातही आशेला तिकवाच म्हटलंय. हे कळल्यावर मी बराच वेळ बायबल मांडीवर घेऊन बसले. सूत आपल्या कांडीत भरलं जातं ते बाहेरून. कांडी स्वतः सूत काढत नाही, हे मी बारा वर्षं हातांनी केलंय, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्यात आशा उरली नाही म्हणून तू अविश्वासू ठरत नाहीस, लेकरा. तोवर आम्ही आहोत. तुझ्या नावानं मी आणि पप्पा रोज रात्री प्रार्थना करतो. तुला आमेन म्हणायला जमत नसेल, तर ते आम्ही म्हणू.

खोलीच्या भाड्याचं या महिन्याचं पप्पांनी पाठवलंय, परत करू नकोस. शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघ. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून ठेवते. रविवारी चर्चला येतोस का, मी विचारणार नाही. पप्पा स्टेशनवर येतील. वाटेत तू काही बोलला नाहीस तरी चालेल, तेही बोलणार नाहीत.

तुझी,
आई