मानोलोंचा हिशेब नुसत्या उपांत्य फेरीवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडापानावरचा लेख वाचला. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी एफसी गोवाला दोन हंगामांत आयएसएलची (इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची) अंतिम फेरी दाखवली नाही, सबब ते अपयशी, असा निवाडा आपल्या लेखकमहाशयांनी देऊन टाकला आहे. 2023-24 मध्ये 22 सामन्यांत 45 गुण आणि पुढल्या हंगामात 24 सामन्यांत 48. या आकड्यांना लेखात ओळभरही जागा नाही.

24 एप्रिल 2024 च्या घरच्या फातोर्डा मैदानावरल्या उपांत्य सामन्यावर मात्र अर्धा रकाना! मुंबईविरुद्ध 2-0 आघाडी. मग मुंबईचे तीन गोल: 90व्या मिनिटाला छांगते, लगेच विक्रम प्रताप, 96व्याला पुन्हा छांगते. अशा वेळी चेंडू कोपऱ्यात नेऊन अडवायचा, फाउल मिळवून खेळ तोडायचा, शेवटचा बदल भरपाई वेळेसाठी राखायचा. पहिल्या गोलनंतर मिनिटभरात दुसरा बसतो, म्हणजे यातले काही साधले नाही. तिथे प्रशिक्षकाचा कान जरूर धरा. पण सहा मिनिटांसाठी धरा, दोन वर्षांसाठी नव्हे. 2025 च्या उपांत्य फेरीत बंगळुरूतली 0-2 ची पिछाडी गोव्याने घरच्या मैदानावर भरून काढली होती. 92व्या मिनिटाला बंगळुरूच्या सुनील छेत्रीचा हेडर आत गेला आणि सगळे संपले. तो हेडर बाहेर गेला असता तर लेखाचा मथळा काय असता?

हाच न्याय गोव्याचे आधीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना लावून झाला आहे. 2019-20 मध्ये साखळीचे तीन सामने उरले असताना त्यांना काढले. त्यांच्या जागी आलेल्या क्लिफर्ड मिरांडांनी ते तिन्ही जिंकून दिले, 39 गुणांसह साखळीत अव्वल येणाऱ्याची पहिलीवहिली लीग शिल्ड गोव्यात आली आणि उपांत्य फेरीत चेन्नईयिनने तरीही दोन सामन्यांत मिळून 6-5 ने बाहेर काढलेच. पुढच्याच हंगामात लोबेरांनी मुंबईला शिल्ड आणि चषक दोन्ही मिळवून दिले. त्या वाटेत उपांत्य फेरीत हरवले कुणाला? गोव्यालाच, पेनल्टींवर 6-5 ने. एक पेनल्टी इकडची तिकडे झाली असती तर आपल्या हिशेबाने तेही नापास! मुंबईचे पुढले प्रशिक्षक डेस बकिंगहॅम 2022-23 मध्ये 46 गुण आणि शिल्ड मिळवून उपांत्य फेरीत पेनल्टींवर 8-9 ने हरले. मुंबईने त्यांना ठेवले.

आणि 3 मे 2025 चे काय? भुवनेश्वरला जमशेदपूरला 3-0 हरवून सुपर कप याच मानोलोंनी आणला. ती स्पर्धा पहिल्या सामन्यापासून बाद पद्धतीची होती. लेखकमहाशय तेव्हा बहुधा क्रिकेट पाहत असावेत.

जाता जाता: साडेसातचा सामना जादा वेळेत गेला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याचा निकालच नसतो, आणि गुणतक्ता छापलाच तर गोलफरकाचा रकाना गायब. प्रशिक्षकांचे निवाडे करण्याआधी निदान तो तक्ता पुरा छापावा.

आपला,
एक वाचक, मडगाव