काम्पेचेत भेटलेला चिकू

प्रिय सेन्योरा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातून निघून आम्हाला दोन महिने झाले. निरोप घेताना तुम्ही मला जवळ घेतलंत, तेव्हा 'ग्रासियास', म्हणजे 'धन्यवाद', यापलीकडे मला शब्द सुचला नाही. जे राहून गेलं ते आता लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. स्पॅनिश शिकणारी माझी भाची तुम्हाला ते वाचून दाखवेल. आणि आमच्या माणसांनाही तुम्ही कळाव्यात, म्हणून हे पत्र उघडं ठेवते आहे.

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून आम्ही ह्यूस्टनहून निघालो होतो. मेक्सिकोतल्या मेरिदाच्या विमानतळावर आम्ही उतरलो, मोठी बॅग काही उतरली नाही. तीत माझी पैठणी होती. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही मी तीतच भरल्या होत्या. काम्पेचेपर्यंतचा सगळा रस्ता आम्ही दोघं गप्प होतो.

तुमच्या दारात पोचलो तेव्हा अंधार पडत होता. खोलीची किल्ली देण्याआधी तुम्ही आमचे चेहरे पाहिलेत. मी मोबाइलवर गोळीचं नाव दाखवलं, आणि तुम्ही खांद्यावर शाल टाकून ह्यांना घेऊन निघालातसुद्धा. तुमच्याकडे औषधाच्या दुकानालाच लागून डॉक्टरांची खोली असते, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार! डॉक्टरांनी रक्तदाब मोजून अ‍ॅम्लोडिपिन लिहून देईपर्यंत तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतात. त्या रात्री मला शांत झोप लागली.

सकाळी घराच्या चौकात न्याहारीला बसलो. मधोमध मोकळं आकाश, पायाखाली नक्षीच्या फरशा, भिंतीत हॅमॉक टांगायच्या कड्या. आमच्याकडे जुन्या घरांत झोपाळ्यासाठी तुळईला असतात, तशाच. आणि बशीत, पपईच्या फोडींशेजारी, चिरलेला चिकू.

सेन्योरा, मी घोलवडची. वडिलांची चिकूची वाडी होती. त्या बशीकडे बघून मला रडू आलं आणि तुम्हाला वाटलं, फळ नासकं निघालं. मग फोनवरच्या भाषांतरातून एकमेकींना समजावता समजावता कॉफी गार झाली. मूळ झाड तुमच्या रानातलं, आमचा 'चिकू' हा शब्दही तुमच्या 'चिकोसापोते'तूनच आलेला. तुमचे वडील चिक्लेरो होते. पावसाळ्यात कालाकमुलच्या जंगलात राहायचे, खोडावर कोयत्याने नागमोडी चरे पाडायचे, पाझरलेला चीक कढवून त्याचे ठोकळे करायचे. त्याचंच पुढे च्युइंगगम व्हायचं. दोरावर वीसेक हात उंच चढलेल्या वडिलांबद्दल सांगताना तुमचा आवाज बारीक झाला होता. कच्च्या चिकूचा चीक फ्रॉकला लागला म्हणून मी लहानपणी आईची बोलणी खायची, हे ऐकल्यावर मात्र तुम्ही खळखळून हसलात. त्या दिवसापासून तुम्ही मला 'उस्तेद', म्हणजे आदराचं 'तुम्ही', म्हणायचं सोडून 'तू' म्हणू लागलात. मला ते किती गोड वाटलं, हे तेव्हा सांगता आलं नाही.

शहरही तुमच्यामुळेच उलगडलं. १६८५ मध्ये लोरेन्सिलोच्या चाच्यांनी ते लुटलं, पुढच्या वर्षी तटबंदी बांधायला घेतली आणि १७०४ मध्ये ती पुरी झाली, एवढं आम्ही वाचून आलो होतो. पण सम आकड्यांचे रस्ते समुद्राला समांतर आणि विषम आकड्यांचे समुद्राकडे जाणारे, ही खूण तुमची. मग नकाशा लागलाच नाही. ५९ नंबरच्या रस्त्याने, गुलाबी-पिवळ्या-निळ्या घरांमधून, आम्ही रोज सूर्यास्ताला चालत जायचो. तिथला समुद्र पश्चिमेला आणि इतका निवांत की लाट फुटल्याचा आवाजही नाही. त्या मालेकोनवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, ह्यांनी किती वर्षांनी माझा हात धरला असेल!

आणि तुमचं पान दे कासोन. खरं ते शार्क माशाचं, आम्ही शाकाहारी. तुम्ही टॉर्टियांच्या थरांत काळ्या बीन्सची उसळ आणि शिजवलेला चायाचा पाला घातलात, वरून टोमॅटोचा रस्सा आणि एक हाबानेरो मिरची. गच्चीवर दोन खुर्च्या, मेणबत्ती, समोर कॅथेड्रलचे उजळलेले मनोरे. जेवण मांडून तुम्ही जिन्याचं दार हळूच ओढून घेतलंत. ते दार ओढून घेणं माझ्या मनातून जात नाही.

बॅग शेवटच्या दिवशी आली. पैठणी नेसताना निऱ्या तुम्ही धरल्यात, एकदाही न सुटू देता.

सोबत घोलवडहून मागवलेल्या सुकवलेल्या चिकूच्या चकत्या पाठवते आहे. रात्रभर दुधात भिजवा आणि सकाळी चौकात बसून खा.

तुमची,
घोलवडची मुलगी