आप्पा, छाटणीपासूनचे दिवस मोजायला लावलेत त्याबद्दल

निफाड तालुक्यातल्या आमच्या आप्पांना,

सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते. पण द्राक्षबागेत व्हिडिओ करायला मोबाइल घेऊन उतरणाऱ्या इतर पोरापोरींनाही हे कामाला येईल, म्हणून हे उघडं पत्र.

नाशिकचा व्हिडिओ म्हटलं की मिसळ, रामकुंड आणि पावसाळ्यातले धबधबे. त्यात वाईट काही नाही, पण तीच तर्री शंभर जणांनी दाखवली की कुणाचा व्हिडिओ कुठला, हे ओळखू येत नाही. तुम्ही विषय दिलात तो एका ओळीत: एकच वेल धरा आणि छाटणीपासून दिवस मोजा. बागायतदार कुठे तारखेत बोलतो? 'बाग चाळीस दिवसांची झाली' असंच म्हणतो. तेच शीर्षक: 'दिवस 12', 'दिवस 45'. आज काय टाकायचं, हे मग बागच सांगते. गोडी छाटणी (फळासाठीची), डोळे फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट, पोंगा (डोळ्यातून निघणारा कोवळा कोंब), फेलफूट (घड नसलेली फूट) काढणं, फुलोरा, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी (दाट घडातले मणी कमी करणं), मण्यात पाणी उतरणं (मणी मऊ होऊन गोड व्हायला लागणं) आणि चारेक महिन्यांनी तोड.

कुठला घड टिपायचा त्याच्या खुणेची फीत एकाच घडाला बांधू नका, ही तुमची सूचना सगळ्यात मोलाची. फुटीनंतर ढगाळ हवा, पाऊस लागला की घड जिरतो, त्याची बाळी (नुसता वेलीचा तंतू) होते आणि मालिका तिथेच संपते. म्हणून चार वेगवेगळ्या काड्यांवर चार लाल फिती. जमिनीत एक खुंटी, तिच्यावर फोन, दर वेळी तीच उंची आणि तेच अंतर. नाहीतर मणी फुगला की कॅमेरा जवळ आला, हे बघणाऱ्याला कळत नाही. मांडवाखाली ऊन-सावलीचे ठिपके हलतात आणि फोन उजेड सारखा कमी-जास्त करतो. घडावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो. कॉलर माइकला केसाळ टोपी हवीच, वारा नुसता फरफरतो.

सुरुवातीला 'नमस्कार मित्रांनो' नको, हेही पटलं. विरळणीचाच व्हिडिओ घ्या. कात्री चालतेय, चांगले हिरवे मणी टपटप मातीत पडतायत, हेच पहिले 3 सेकंद. बघणारा हळहळतो आणि थांबतो. मग कारण: मणी दाटले की फुगायला जागा राहत नाही, एकमेकांवर दाबून चिरतात, आत हवा खेळत नाही आणि कूज लागते.

रोज टाकायचा हट्ट सोडायला लावलात, त्याचे वेगळे आभार. आठवड्याला एक, वार ठरलेला, आणि तीन व्हिडिओ कायम शिलकीत. कारण फवारणी चालू असली किंवा चिखल झाला की बागेत पाय ठेवता येत नाही. शिलकीतले विषय दिवसाशी न बांधलेले: ओलांडा (वेलीचा आडवा फाटा), ठिबकची चोंदलेली नळी, कात्रीची धार. बहुतेकांची गाडी अडकते ती पावसाळ्यात, 'आता बागेत काहीच नाही' म्हणून. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (तोड झाल्यावर नव्या काड्यांसाठी करतात ती) दीड-दोन महिन्यांत पुढच्या हंगामाचा घड काडीच्या डोळ्यात ठरतो. तेव्हा काडीला ऊन का लागू द्यायचं आणि पाणी का आवरायचं, यावरच महिनाभर पुरेल एवढं आहे.

पैशाचंही एक सांगून ठेवतो. यूट्यूबवर जाहिरातींच्या वाट्यासाठी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास बघणं, हा एक मार्ग आहे. शॉर्ट्सच्या, म्हणजे आपल्या या छोट्या व्हिडिओंच्या, फीडमधलं बघणं त्या तासांत धरत नाहीत. म्हणून महिन्याचे चार तुकडे जोडून आठ-दहा मिनिटांचा एक व्हिडिओ वेगळा करायचा.

औषधाचं प्रमाण मात्र व्हिडिओत सांगायचं नाही, हा तुमचा नियम पाळतोय. माती, वाण, हवा वेगळी असताना लोक आकडा तेवढा उचलतात, आणि फसलं की बाग त्यांची जाते.

गोडी छाटणीच्या दिवशी फिती घेऊन सकाळी सातला येतो. पेस्टच्या बादलीपासून लांब उभे राहू, हातमोजे आमचे आम्ही आणू. चहा तेवढा तुमच्याकडे.

आपले,
लाल फितवाले
नाशिक