केस रंगवण्याआधीचे ४८ तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सलूनच्या अ‍ॅप्सवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी पार्लरमध्येच वाचला, एका बाईच्या डोक्यावर रंग मुरत होता तेव्हा. फोनच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघून केसांचा रंग ठरवायचा, तिथेच वेळ घ्यायची, रांग नाही, ताटकळणे नाही. लेखिकेने कौतुक केले आहे आणि त्यातले बरेचसे खरे आहे. पण ती खुर्चीत बसणारी. मी खुर्चीच्या मागे उभी असते.

गोव्यात डिचोलीला माझे पार्लर २००४ पासून आहे. सासरच्या घराची पुढची खोली, एक आरसा, एक खुर्ची आणि सासूबाईंची परवानगी, एवढ्यावर सुरू केले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा फेशियलवाल्या बायका थ्रेडिंगवर आल्या आणि थ्रेडिंगवाल्या यायच्याच बंद झाल्या, तेही दिवस काढले. आता तीन खुर्च्या आहेत, हाताखाली दोन मुली आहेत. कोविडनंतर भाचीने मला एका बुकिंग अ‍ॅपवर चढवले.

त्याचा फायदा मी नाकारणार नाही. गणेश चवथीच्या आधीचे दोन दिवस आमच्या पायऱ्यांवर बायका बसलेल्या असायच्या. कुणाची माटोळी बांधायची राहिलेली, कुणाच्या नेवऱ्या तळायच्या राहिलेल्या, आणि नंबरावरून कुरबुर. आता ज्याची त्याची वेळ ठरलेली असते. त्या दिवसांत मला बसून जेवायला मिळते ते अ‍ॅपमुळेच. पन्नाशीपुढच्या गिऱ्हाइकांनी मात्र अ‍ॅपला अजून दाद दिलेली नाही. त्या रस्त्यावरूनच हाक मारतात, "बाय, आसा मगो?" आणि उत्तराआधी आत येऊन बसतात.

फोनवर रूप बघण्याचेही मला वावडे नाही. भुवयांसाठी तर ते फार चांगले. दोऱ्याने एकदा काढलेली भुवई परत भरायला आठवडे जातात, मग आधी आकार बघून घेतला तर काय बिघडले? लिपस्टिकचेही तसेच. भाचीने मला हे कसे चालते ते समजावले. फोन चेहऱ्यावर ठिपक्यांची जाळी टाकतो. गूगलने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या अशा एका साधनात ४६८ ठिपके असतात म्हणे. त्यावरून ओठ कुठे, भुवई कुठे हे त्याला कळते आणि मान हलवली तरी रंग जागचा हलत नाही. केसांना असली जाळी बसत नाही. तिथे चित्रातला केसांचा भाग ओळखायचा आणि त्यावर रंगाचा थर चढवायचा, बस्स. तो थर चित्रावर असतो, केसावर नव्हे.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या नव्याच्या सोमवारच्या उत्सवाच्या आठवड्यात साखळी गावाकडची एक मुलगी आईबरोबर आली. अ‍ॅपवरून त्याच दुपारची चारची वेळ घेतलेली. फोनमध्ये स्वतःचाच फोटो, केस राखाडी झाक असलेले तपकिरी. "ताई, म्हाका अस्सोच रंग जाय." फोटो खरोखर सुंदर होता. तिचा भांग त्यात उजवीकडे होता आणि समोर बसलेल्या मुलीचा डावीकडे, कारण सेल्फीत आरशासारखे उलटे दिसते. पण हे मी तिला सांगत बसले नाही. केस हातात घेतले तर काळेभोर, जाड आणि टोकांकडे किंचित लालसर. विचारले तेव्हा कळले, आजी दोन वर्षे दर महिन्याला मेंदी लावते. कुठली? आईने नाव सांगितले ते पाकिटातल्या काळ्या मेंदीचे.

इथे जरा थांबून सांगते. काळ्या केसावर फिका रंग नुसता लावून चढत नाही. आधी ब्लीच करून मूळचा काळेपणा उतरवावा लागतो. उतरताना केस लाल होतो, मग नारिंगी, मग पिवळा. राखाडी झाक हवी असेल तर पिवळ्यापर्यंत पोचावे लागते, आणि तोवर केसात जीव किती उरतो ते प्रत्येकीचे निराळे. त्यात जुन्या मेंदीचे थर असले तर काय निघेल ते मी बावीस वर्षांनंतरही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी तिच्या मानेजवळची एक बारीक बट कापून ब्लीचमध्ये ठेवली. अर्ध्या तासाने ती मंगलोरी कौलासारखी झाली. मुलगी हसली, आई नाही हसली.

पण माझे खरे म्हणणे बटेबद्दल नाही, कानाबद्दल आहे. काळ्या-तपकिरी पक्क्या रंगांपैकी बहुतेकांत पीपीडी नावाचे रसायन असते. काळ्या मेंदीच्या पाकिटांतही ते सर्रास असते. नुसत्या मेंदीच्या पाल्याचा रंग काळा येतच नाही, तांबूसच येतो. काहींना ते सोसत नाही, आणि त्याची खोड अशी की त्रास लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो. म्हणून कानामागे थेंबभर रंग लावून ४८ तास वाट बघायची असते. रंगाच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर हे छापलेले असते. पूर्वी कधी त्रास झाला नाही, म्हणून आताही होणार नाही असेही नाही. आपल्या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या हातावर काळ्या मेंदीचे टॅटू काढतात, त्यातून एकदा कातडीने हे रसायन धरले की पुढे केसांचा रंगही बाधू शकतो. हौसेने ते काढून घेणाऱ्या आपल्या मुलीही काही कमी नाहीत.

आता सांगा, दुपारी बारा वाजता बुक करून चारला रंगवायला येणारीच्या कानाचे ४८ तास कुठून आणू?

तीन वर्षांपूर्वी मी ते आणले नाहीत. लग्नसराई होती, अ‍ॅपवर दिवस भरलेला होता, बाई म्हणाली की नेहमीच रंगवते, आणि मी रंग लावला. दुसऱ्या दिवशी रात्री तिच्या नवऱ्याचा फोन आला. पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे उघडत नव्हते. इंजेक्शन घ्यावे लागले, आठवडाभर ती घराबाहेर पडली नाही. चूक अ‍ॅपची नव्हती, माझी होती. त्या बाई अजून माझ्याकडे येतात, हा त्यांचा मोठेपणा. त्या फक्त थ्रेडिंग करतात.

म्हणून साखळीच्या मुलीला मी त्या दिवशी नाही म्हटले. कानामागे रंग लावला आणि तीन दिवसांनी यायला सांगितले. अ‍ॅपच्या हिशेबात ते 'पार्लरने रद्द केले' असे नोंदले गेले आणि माझ्या नावापुढे एक तारा लागला, शेऱ्यासकट: उद्धट. असेन. तीन दिवसांनी ती आली. कान स्वच्छ होता. आम्ही डोकेभर ब्लीचचा नाद सोडून तिच्या केसांच्याच जवळची गडद तपकिरी छटा लावली. फोटोसारखी झाली नाही, पण उन्हात छान दिसते. तारा तिने बदललेला नाही.

अ‍ॅपवाल्यांकडे माझे मागणे फार नाही. पहिल्यांदा रंग लावणारीला आजची वेळ देऊच नका, दोन दिवसांनंतरचीच द्या. आणि फोनवर रंग दाखवण्याआधी दोन प्रश्न विचारा: मेंदी लावता का, आणि पूर्वी कशाने खाज-सूज आली होती का. चार लाख छटा दाखवता, दोन प्रश्न जड होऊ नयेत. आणखी एक. माझ्या वहीत गुरुवारी तीन वेळा मोकळ्या असताना गिऱ्हाइकाच्या फोनवर 'फक्त एकच वेळ शिल्लक' असे दिसले. अशी खोटी घाई केंद्र सरकारच्या २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'वरील, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांवरील, मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केलेल्या १३ प्रकारांपैकी एक आहे आणि ग्राहक १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करू शकतात. घाईत घेतलेल्या वेळेला कानाची आठवण कुणाला राहणार?

चवथ महिन्यावर आली आहे. ज्यांना रंग लावायचा आहे त्यांनी आधी एकदा नुसता कान दाखवायला या. अ‍ॅपवर त्याची वेळ घ्यावी लागत नाही, पाच मिनिटांचे काम आहे आणि मी त्याचे पैसे घेत नाही. दुपारी १ ते ३ तेवढे येऊ नका, दार बंद असते.

आपली,
एक पार्लरवाली, डिचोली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)